तळघरातला स्टुडिओ : फोम भिंतीला चिकटवू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत घरच्या घरी स्टुडिओ उभारण्याविषयी जो लेख आला, त्यात तळघराच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे किंवा इंचभर जाडीचा फोम चिकटवला की खोली ‘साउंडप्रूफ’ होते, असे एका वाक्यात सांगून लेखक पुढे मायक्रोफोनच्या खरेदीकडे वळले. ते वाक्य आमच्या घरात आधीच एकदा खरे मानले गेले होते आणि त्याचे पैसे माझ्या भाच्याच्या खिशातून गेले आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे. तरीही विषय एका वाक्यात उरकण्यासारखा नाही, हेच मला मुळात सांगायचे असल्याने ते आखूड करणे जमले नाही.

मी अमळनेरात शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालो. भाचा अहिराणी गाणी करतो, लग्नातली, कानबाईच्या उत्सवातली, आणि अलीकडे स्वतः बांधलेलीही. प्रत्येक गाण्याच्या ध्वनिमुद्रणासाठी नाशिक-पुणे गाठणे परवडत नाही, तेव्हा त्याने आमच्या जुन्या घराचे तळघर मागितले. पूर्वी त्यात धान्याची पोती आणि कापसाची बोचकी असत. मे महिन्यात वर पारा ४५ अंशांना टेकलेला असतो तेव्हाही खाली उतरल्यावर अंगाला गारवा लागतो, आणि रस्त्यावरच्या ट्रॅक्टरचा आवाज जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच विरतो. एवढ्या दोन गुणांवर कोणीही भुलेल, तसे आम्हीही भुललो.

खोली १६ फूट लांब, १२ फूट रुंद आणि ८ फूट उंच आहे. भिंती दगडी, त्यांवर सिमेंटचा गिलावा, खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये मोठ्या शहरातल्या एका विक्रेत्याने खोलीचे फोटो आणि मापे मागवून घेतली, चारही भिंती झाकतील इतका पिरॅमिडच्या नक्षीचा करडा फोम पाठवला, सोबत रबरी सोल्युशनचे डबे दिले, आणि त्याच्याच कारागिराने दोन दिवसांत छतापासून फरशीपर्यंत बोटभरही भिंत उघडी राहू दिली नाही. फोटोत खोली थेट मुंबईच्या स्टुडिओसारखी दिसे. पहिल्या दिवशी भाच्याने काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, षड्ज लावला, दोन-तीनदा लावला, मग हेडफोन काढून माझ्याकडे पाहत म्हणाला, “मामा, मी नई, हाई खोलीच गाई राहिनी.”

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते, ते कसे हे पुढे सांगतो. त्याआधी पावसाळ्याचे सांगायला हवे, कारण तळघरात पहिला हिशेब पाण्याचा करावा लागतो आणि आम्ही तो शेवटी केला.

जुलै सरता सरता खोलीत कुबट वास येऊ लागला. एका सकाळी खाली उतरलो तेव्हा उत्तरेकडच्या भिंतीवरचा फोम कमरेइतक्या उंचीपर्यंत सुटून पुढे झुकला होता आणि त्याच्या पाठीला गिलाव्याचे पोपडे चिकटून आले होते. मागे भिंतीला पांढरा लोणा आणि फोमच्या आत काळ्या बुरशीचे ठिपके. हात लावला की बोटे काळी होत. विक्रेत्याला फोटो पाठवले तेव्हा ओल हा आमचा विषय नाही असे उत्तर आले, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही होते. मात्र ज्या खोलीत आपण माल लावतो ती जमिनीखाली आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

आपल्याकडच्या काळ्या जमिनीचा स्वभाव शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, पाऊस झाला की ती फुगते आणि पाणी धरून ठेवते. तळघराच्या भिंतीला बाहेरून ही माती टेकलेली असते, त्यामुळे पावसाळ्याचे चार महिने भिंत बाहेरून भिजत राहते आणि ती ओल आत यायला बघते. शिवाय पावसाळ्यातली दमट हवा जिन्यावरून खाली येते आणि गार भिंतीला लागून तिचे पाणी होते, माठाच्या अंगावर थेंब यावेत तसे. या दोन ओलींवरचे उपाय वेगळे असल्याने आपल्याकडे कोणती आहे ते आधी पाहावे लागते. त्यासाठी आम्हाला एका गवंड्याने युक्ती सांगितली ती फुकटची आहे. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि दोन दिवसांनी पाहायचे. पाणी कागदाच्या भिंतीकडच्या अंगाला साचले तर ते मातीतून येते आहे. खोलीकडच्या अंगाला थेंब आले तर ते हवेतले आहे. आमच्याकडे उत्तरेच्या भिंतीवर दोन्ही अंगांना पाणी निघाले!

मग आधी वरच्या पागोळ्यांचे पाणी, जे वर्षानुवर्षे त्या भिंतीच्या पायाशी पडत होते, ते पन्हळ आणि पाइप लावून गटारापर्यंत नेले. भिंतीलगतच्या मातीला उतार दिला. आतला सिमेंटचा गिलावा कमरेपर्यंत खरवडून तिथे चुन्याचा केला, कारण चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडू शकते आणि सिमेंट ती आत दाबून धरते. आर्द्रता मोजणारे छोटे घड्याळ भिंतीवर टांगले आणि काटा ६० टक्क्यांच्या वर चढला की डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारे यंत्र, चालवायचा असे ठरवले. मुद्रणाच्या वेळी तो बंद ठेवावा लागतो, त्याची घरघर माइकमध्ये येते. हे सगळे होऊन भिंत कोरडी राहते याची खात्री पटल्यानंतरच आवाजाच्या कामाला हात घातला.

आता त्या लेखातल्या ‘साउंडप्रूफ’ या शब्दाकडे येतो. आवाज खोलीबाहेर जाऊ न देणे हे एक काम आणि खोलीतल्या खोलीत त्याला घुमू न देणे हे दुसरे. या दोहोंना लागणारे सामान वेगळे आहे. पहिल्या कामाला वजन लागते आणि फटी बंद असाव्या लागतात: दगड, विटा, जाड दार. दुसऱ्याला हवा आत शिरू शकेल असे मऊ, तंतुमय आणि जाड काहीतरी लागते. खिडकीवर गोधडी टांगली तर खोलीतला ठणठणाट कमी होतो, पण बाहेरची वरात जवळपास तितकीच ऐकू येते, हा अनुभव प्रत्येक घरातला आहे. अंड्यांच्या ट्रेला वजनही नाही आणि जाडीही नाही, त्यामुळे तो दोन्ही कामांना कुचकामी ठरतो. वर तो कागदाच्या लगद्याचा, काडी लागली की भडकणारा. जळगावच्या प्लास्टिकच्या चटया भिंतीला ठोकलेलेही मी एके ठिकाणी पाहिले आहे. चटई उत्तम, पण तिच्या प्लास्टिकवरून आवाज तसाच माघारी फिरतो.

फोमला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. इंचभर फोम वरच्या पट्टीतला आवाज खातो आणि तेवढाच खातो. त्यामुळे आमच्या खोलीत तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणझणता नाद, गेली, तबल्याच्या चाटीची धार गेली, गाण्यातले ‘स’ आणि ‘श’ बोथट झाले, आणि खालचा घुमारा मात्र होता तिथेच राहिला. कोणी तोंडावर रजई घेऊन गावे आणि शेजारी कोणी रिकामा हंडा बडवावा, तसे ते ध्वनिमुद्रण ऐकू येई.

घुमारा का राहिला, याचे उत्तर खोलीच्या मापांत आहे आणि ते कोणालाही कागदावर काढता येते. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ११३० फूट आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने या आकड्याला भागले की त्या दोन भिंतींमध्ये घुमणारा सर्वांत खालचा स्वर मिळतो, आणि मग त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे स्वरही त्याच जागेत घुमतात. आमच्या १६ फुटांचे उत्तर ३५.३ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तितकी कंपने), १२ फुटांचे ४७ आणि ८ फुटांचे ७१च्या किंचित आत येते. आता १६ फुटांच्या स्वराची चौपट, १२ फुटांच्या स्वराची तिप्पट आणि ८ फुटांच्या स्वराची दुप्पट करून पाहावी. तिन्ही वेळा १४१ येते. काळी एकचा षड्ज १३८.६ हर्ट्झचा आहे. म्हणजे भाच्याने सा लावला की लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशांनी खोली त्याच्या सुरात सूर मिसळत होती. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९.३वर असते, आणि तिथेही उंचीचा पहिला स्वर आणि लांबीचा दुसरा स्वर एकावर एक बसले आहेत. ज्या गवंड्याने हे तळघर बांधले त्याने चारास तीनास दोन असे सुबक प्रमाण धरले होते; धान्याला त्याचा काही त्रास झाला नाही, गाण्याच्या मात्र ते मुळावर आले.

ज्यांना हा हिशेब नको असेल त्यांनी पेटी घेऊन खोलीच्या एका कोपऱ्यात बसावे आणि खर्जातल्या पट्ट्या एकेक करून, भाता सारखाच ठेवत, सावकाश दाबाव्यात. कोणत्या पट्टीला खोली अंगावर येते ते कानाला लगेच कळते. माझ्या मते नवीन जागा निवडणाऱ्याने भाडे ठरवण्याआधी ही परीक्षा घ्यावी. लांबी, रुंदी, उंची एकमेकींच्या पटीत असलेली खोली शक्य तर टाळावी, आणि चौरस खोली तर टाळावीच.

आता फोमचे आणि भिंतीचे. आवाज म्हणजे हवेचे मागेपुढे हलणे, आणि तंतुमय वस्तू आवाज खाते ती या हलणाऱ्या हवेला आपल्या तंतूंत अडकवून, घासून. पण कठीण भिंतीला अगदी लागून असलेली हवा हलूच शकत नाही. भिंतीच्या खुंटीला दोर बांधून दुसरे टोक हलवावे, खुंटीपाशी दोर स्थिर राहतो आणि पुढे येईल तसा जास्त हेलकावतो, तसेच हे आहे. हवा सर्वांत जास्त हलते ती भिंतीपासून लाटेच्या लांबीच्या पावपट अंतरावर. १४१ हर्ट्झची लाट ८ फुटांची, म्हणून तिला पकडायची जागा भिंतीपासून २ फुटांवर. आमचा फोम होता पहिल्या इंचात. वरच्या पट्टीतल्या लाटा बोटा-दोन बोटांच्या असतात, त्या तेवढ्यात सापडतात आणि बाकीच्या मोकळ्या सुटतात. म्हणून चारही भिंती पातळ मालाने झाकण्यापेक्षा थोड्याच जागेत भरपूर जाडी घेणे, आणि ती जाडीसुद्धा भिंतीला न टेकवता पुढे काढून उभी करणे, हा मार्ग बरा. चार इंची पॅनेल, म्हणजे मऊ माल भरलेली चौकट, भिंतीपासून चार इंच पुढे ठेवले की त्याची पोच जवळपास आठ इंची पॅनेलासारखी होते आणि मधल्या रिकाम्या जागेला पैसे पडत नाहीत.

आमच्यासारख्या तळघरात ही चार इंचांची जागा दुसरेही एक काम करते, आणि मुख्यतः तेवढ्यासाठीच मी आपल्याला लिहायला बसलो. तिच्यातून हवा खेळते. भिंत झाकली जात नाही, ओल अडकत नाही, दर महिन्याला मागे हात घालून भिंत चाचपता येते. आवाजाच्या शास्त्राला जे हवे तेच काळ्या जमिनीतल्या भिंतीलाही हवे, असा हा योग आहे. सोल्युशन लावून फोम चिकटवणारा माणूस दोन्हींच्या विरुद्ध वागत असतो.

किती माल लागेल याचाही ठोकताळा आहे. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे एक व्याख्यानगृह सुधारण्याचे काम आले. तिथे बोललेला शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास रेंगाळत असे. सॅबिनने शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकींच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, एकेक रांग वाढवत घड्याळ लावून मोजायचे आणि सकाळ होण्याआधी त्या परत नेऊन ठेवायच्या, असा उद्योग कितीतरी रात्री केला. त्यातून त्याने जे सूत्र काढले ते आजही वापरतात. खोलीच्या घनफुटांना ०.०४९ने गुणायचे आणि आवाज खाणाऱ्या पृष्ठभागाच्या चौरस फुटांनी भागायचे, की अनुरणन, म्हणजे आवाज खोलीत किती सेकंद रेंगाळतो ते, मिळते. उघडी खिडकी शंभर टक्के खाते असे धरायचे. आमची खोली १५३६ घनफूट, सगळे पृष्ठभाग मिळून ८३२ चौरस फूट, आणि गिलावा शंभरातले जेमतेम तीन भाग खातो. म्हणजे २५ चौरस फूट खिडकीइतकेच शोषण आणि ३ सेकंदांचे अनुरणन. ते ०.४ सेकंदावर आणायला १९० चौरस फूट लागतात. सगळ्या भिंती झाकायची गरज नाही हे या आकड्यावरून दिसतेच. अगदी खालच्या स्वरांना मात्र हे सूत्र एवढ्या लहान खोलीत लागू पडत नाही. तिथे वर सांगितलेला मापांचा हिशेबच पाहावा लागतो.

सॅबिनच्या गाद्यांची गोष्ट वाचल्यावर माझ्या मनात साहजिकच आपला कापूस आला. ज्या मुलखात कापूस पिकतो, जिनिंग आहेत, गल्लीत गादीवाले बसले आहेत, तिथे आवाज खाणारा माल बाहेरून का मागवायचा? म्हणून आम्ही चार फूट बाय दोन फूट, चार इंच खोल अशा सागाच्या पट्ट्यांच्या चौकटी सुताराकडून करून घेतल्या आणि गादीवाल्याला दाखवल्या. पहिली चौकट त्याने गादीसारखी ठासून भरली. तिच्यावर टिचकी मारली तर फळीसारखी लागे. दुसरी इतकी सैल की उभी करताच कापूस खाली बसला आणि वरचा पाऊण फूट पोकळ झाला. तिसऱ्या खेपेला साधारण साडेतीन किलो पिंजलेली रुई, आडवे-उभे टाके, आणि पुढे-मागे मांजरपाट, असे जमले. टाके महत्त्वाचे, त्यांच्यावरच कापूस टांगलेला राहतो. कापड कोणते घ्यावे याची परीक्षा गादीवाल्यानेच सांगितली: कापड तोंडावर धरून फुंकर मारावी, फुंकर पलीकडच्या हाताला लागली तर ते चालते. विक्रेत्याच्या यादीत याच कामासाठी रेक्झिन सुचवले होते. त्यातून फुंकरही जात नाही आणि बराचसा आवाजही आत शिरत नाही.

कापसाविषयी मन कितीही हळवे असले तरी त्याचे दोष सांगायलाच हवेत. तो जळतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे पाणी फवारून, उन्हात खडखडीत वाळवून भरला तर लवकर पेट घेत नाही, पण कापूस तो कापूसच. त्यात उंदीर घर करतात आणि ओल लागली तर तो कुजतो. म्हणून जमिनीलगतच्या आणि कोपऱ्यांतल्या कामासाठी आम्ही शेवटी रॉकवूल घेतले, घनमीटरला ४८ किलो घनतेचे. ते दगड वितळवून काढलेले असल्याने जळत नाही. हाताळताना अंगाला खाज सुटते, हातमोजे आणि तोंडाला फडके लागते, आणि कापडात नीट गुंडाळल्याशिवाय ते खोलीत उघडे ठेवू नये. कापसाची पॅनेले कमरेच्या वर आणि विजेच्या बोर्डांपासून दूर ठेवली. वाचकांपैकी कोणाला सगळेच रॉकवूलचे करायचे असेल तर मी त्यांना कापसाचा आग्रह धरणार नाही.

कोपऱ्यांना एवढे महत्त्व का, तर खोलीतले सगळे घुमणारे स्वर कोपऱ्यांत सर्वांत जोरात असतात. ढोलकी वाजवताना कान कोपऱ्याकडे नेऊन पाहावा. आमच्या एका कोपऱ्यात जिना उतरतो, उरलेल्या तीन कोपऱ्यांत दोन्ही भिंतींवर दोन-दोन फूट मोजून तिरपी चौकट बसवली आणि मागचा तिकोन रॉकवूलने भरला. पुढच्या चौकटीपासून कोपऱ्यापर्यंतची जाडी त्यामुळे दीड फुटाच्या जवळ जाते. फरशीपासून चार इंच उंच ठेवले, कारण कधीतरी फरशीवर पाणी येणार हे धरून चालावे लागते. इथे रॉकवूल भिंतीला टेकल्यासारखे होते, ही आमच्या नियमातली कुचराई कबूल करतो. मध्ये निदान बोटभर लाकडी पट्ट्या मारल्या आहेत. तीन कोपरे आणि चौदा पॅनेले मिळून सुमारे १८० चौरस फूट झाले. उरलेले सतरंजीने आणि बसलेल्या माणसांनी भरून निघते.

पॅनेले कुठे लावायची, याला आरसा पुरतो. ऐकणाऱ्याने आपल्या जागी बसावे, दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा, आणि जिथे आरशात स्पीकर दिसेल तिथे एक पॅनेल टांगावे. छतालाही तोच नियम. बसण्याची जागा पुढच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर, म्हणजे आमच्याकडे ६ फुटांवर ठेवली. खोलीच्या बरोबर मध्ये बसू नये, तिथे काही स्वर फुगतात आणि काही नाहीसेच होतात.

बाहेर जाणाऱ्या आवाजाची काळजी तळघरात कमी, चारही बाजूंनी माती आहे. जातो तो वरच्या स्लॅबमधून आणि जिन्याच्या दारातून. निवासी भागासाठी नियमांनी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे, आणि ढोलकी-संबळ रात्री वाजवायचे तर तिचा विचार करावा लागतो. आम्ही आधी दार जाड केले, त्याने फारसा फरक पडला नाही. दाराखाली अर्धा इंच फट होती. तीन फूट रुंद, सात फूट उंच दारात ही फट क्षेत्रफळाच्या शंभरात एक भागही भरत नाही, पण तेवढीच मोकळी राहिली तर दार शिशाचे केले तरी अडवणूक २२ डेसिबलच्या पुढे जात नाही. चौकटीला रबराची पट्टी आणि खाली उंबरा घातल्यावर खरा फरक कळला.

उलट दिशेचा त्रास आम्हाला अनपेक्षित होता. वरती स्वयंपाकघर आहे, आणि एका सुंदर आलापाच्या मध्यावर ठक ठक ठक असे काहीतरी मुद्रित झाले. वर खलबत्त्यात लसूण-मिरची कुटली जात होती. असा ठोका हवेतून येत नाही, स्लॅबच्या अंगातून उतरतो, त्यामुळे खाली कितीही पॅनेले लावली तरी तो अडत नाही. तो वरच थांबवावा लागतो. खलबत्त्याखाली चार पदरी गोधडी घातली आणि प्रश्न मिटला. या सगळ्या उद्योगात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत यशस्वी उपाय तोच ठरला, असे घरात ऐकावे लागते.

हवेचा विषय थोडक्यात लिहितो, पण तो हलका नाही. फटी बुजवलेल्या तळघरात तीन माणसे तासभर बसली तर डोके जड होते. हवा आत घेणारा आणि बाहेर टाकणारा असे दोन मार्ग हवेत, आणि नळी सरळ न नेता दोन वळणे देऊन आतून मऊ अस्तर लावले तर हवा येते पण आवाज मागे राहतो. भारनियमनासाठी जनरेटर किंवा इन्व्हर्टरची ॲसिडची बॅटरी तळघरात कधीही ठेवू नये; जनरेटरचा धूर प्राणघातक असतो आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. बाहेर पडायला एकच जिना असेल तर आगीचा विचार दुप्पट करावा, आणि चिकटवलेला साधा फोम तर किती झपाट्याने पेटतो व किती विषारी धूर सोडतो हे त्याचा नखाएवढा तुकडा उघड्यावर जाळून, दूर उभे राहून पाहावे. तळघराचा असा वापर करायला परवानगी लागते का, हे आपापल्या नगरपालिकेत आधी विचारून घ्यावे.

नवी व्यवस्था या फेब्रुवारीत झाली. आता पोळा होऊन गेला आहे, पाऊस चांगला झाला, आणि परवाच प्रत्येक पॅनेलामागे हात घालून पाहिले. भिंत गार आहे, पण कोरडी आहे. काळी एकचा षड्ज आता ऐकण्याजोगा लागतो. तानपुऱ्याचा खर्ज अजून थोडा फुगतो, सत्तरच्या आसपासची ती लाट १६ फुटांची आहे आणि तिला पुरेल एवढी जाडी या खोलीत घालायची तर माणसांना बसायला जागा उरणार नाही. तेवढे भाच्याने मान्य केले आहे आणि तानपुऱ्याची जागा दोन फूट सरकवून तो काम भागवतो.

माझी विनंती इतकीच आहे की, अंड्यांचे ट्रे आणि चिकटवलेला फोम यांविषयीचे ते विधान पुढच्या पुरवणीत दुरुस्त करावे, कारण जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता कितीतरी तरुण मुले अशाच खोल्यांत गाणी करू लागली आहेत आणि पहिल्या फोमवरच त्यांची शिल्लक संपते. चौकटीचा आराखडा, टाक्यांची जागा आणि कोपऱ्याच्या तिकोनाची मापे यांचा एक कागद या पत्रासोबत आपल्या कार्यालयाकडे पाठवत आहे. ज्यांना हवा असेल त्यांना त्याची झेरॉक्स काढून नेऊ द्यावी.

कळावे,
आपला एक वाचक,
निवृत्त संगीतशिक्षक, अमळनेर